आजचे वचन, उसाच्या फडात

सकाळी साडेपाच ते सात या वेळात मराठी ख्रिस्ती घरातला मोबाइल जितका किणकिणतो तितका दिवसभरात किणकिणत नाही. 'आजचे वचन' येत असते. मावशीकडून येते, महिला मंडळाच्या ग्रुपवर येते, पाळकसाहेबांकडून येते, दुबईतल्या भाच्याकडूनही येते. मागे सूर्योदय, कबुतर किंवा परदेशातला बर्फाचा डोंगर; पुढे स्तोत्रसंहिता, यशया नाहीतर फिलिप्पैकरांस पत्र. खाली ओळीने 'आमेन' पडत जातात. त्यातल्या किती जणांनी वचन वाचले हे विचारू नये. गणपतीचे चित्र पाठवणाऱ्यांनाही ते कोणी विचारत नाही.

या पहाटगर्दीच्या खाली एक दुसरा व्यवहार चालतो. कोणी रात्रपाळीला कानात इअरफोन घालून मार्काचे शुभवर्तमान ऐकते. कोणी नवऱ्याशी अबोला धरलेला असताना क्षमेवरचा सात दिवसांचा 'प्लॅन' पुरा करते. कोणी चार खेड्यांत विखुरलेल्या कुटुंबांना रोज आपल्या आवाजात चार शब्द पाठवते. येशूला नुसते मानून ख्रिस्ती माणसाचे भागत नाही, त्याच्या मागे चालावे लागते. शत्रूला क्षमा, आजाऱ्याची विचारपूस, मिळकतीतला दशांश, जिभेवर ताबा, असे ते रोजचे चालणे असते. मंडळीत त्याला शिष्यत्व म्हणतात. ते शिकवायला पूर्वी रविवारची उपासना, दिवेलागणीची कौटुंबिक प्रार्थना, संडे स्कूल आणि पाळकाची घरभेट होती. आता फोन आला आहे. वसई, नगर, जालना, पुणे इथल्या ख्रिस्ती लोकांशी बोलताना मला जे दिसले ते असे: साधन उत्तम आहे, फुकट आहे, मराठीतही आहे, पण त्यातून जे शिकवले जाते ते बहुतेक दुसऱ्याच कोणाच्या आयुष्यासाठी लिहिलेले आहे.

साधनाचे श्रेय आधी देऊन टाकू. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एडमंड नावाच्या गावी 'लाइफ चर्च' ही मंडळी आहे. तिथले बॉबी ग्रुनवाल्ड यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये 'यूव्हर्जन' हे बायबलचे संकेतस्थळ सुरू झाले. त्याचे बस्तान काही नीट बसेना. जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर उघडले, तेव्हा पहिल्याच खेपेला त्यांचे बायबल अ‍ॅप त्यात होते, आणि नोव्हेंबर २०२१ पर्यंत ते ५० कोटी उपकरणांवर जाऊन बसले. त्यात जाहिराती नाहीत, पैसे मोजावे लागत नाहीत. मराठीत बायबल सोसायटीची आपल्या ओळखीची जुनी आवृत्ती त्यात आहे, ऐकण्याची सोय आहे. शिवाय 'इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन' हे मराठी भाषांतर मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने ते घेऊन कोणालाही आपले अ‍ॅप काढता येते. मराठी बायबलची अ‍ॅप्स एवढी उदंड दिसतात त्याचे हे एक कारण.

यातून काय बदलले ते घराघरांत वेगवेगळे दिसते. नगर जिल्ह्यातून पुण्यात येऊन एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका झालेली एक बाई म्हणाली, "रविवार माझ्या हातात नाही. ड्युटी लावणाऱ्याच्या हातात आहे. पहाटेचे चार मात्र माझे आहेत." मराठी ख्रिस्ती घरांतून नर्सिंगला जाण्याची वाट जुनी आहे, त्यामुळे रविवार हुकणेही जुनेच. पूर्वी तो हुकला की हुकला. आता ती वॉर्ड शांत झाल्यावर एक अध्याय ऐकते, आणि सकाळी घरी जाताना बसमध्ये तोच पुन्हा. एक आजी छापील बायबलच्या बारीक टायपाला कंटाळल्या होत्या. आता त्या दोन बोटांनी अक्षर फाकवून शलमोनाची नीतिसूत्रे वाचतात आणि सुनेला ऐकवतात. सुनेला ते किती आवडते हा भाग निराळा.

आणखी एक वाचक आहे, जिच्याबद्दल मंडळीत हळू आवाजात बोलतात. तिचे सासर येशूला मानत नाही. घरात बायबल दिसले तर भांडण ठरलेले. तिच्यासाठी फोन हेच बंद दार असलेले देवघर झाले आहे. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, कदाचित होणारही नाही, पण डोंगरावरचे प्रवचन तिला बाप्तिस्मा झालेल्या पुष्कळांपेक्षा बरे पाठ आहे. तिला शिष्य म्हणायचे की नाही? हा प्रश्न इंटरनेटने आणलेला नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांसाठी. मिशनरी मंडळींना ती कल्पना पचायला जड गेली. टिळक १९१९ मध्ये गेले आणि दरबार तिथेच राहिला. शंभर वर्षांनी त्या दरबारातली माणसे एकेकटी, एकमेकांना न दिसता, हेडफोन लावून बसली आहेत.

सगळेच इतके गंभीर नाही. पुण्यात आयटीत काम करणारी एक मुलगी २०२१ पासून फादर माइक श्मित्झ यांचा 'बायबल इन अ इयर' हा इंग्रजी पॉडकास्ट ऐकते. तो त्या जानेवारीत अमेरिकेत अ‍ॅपलच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. ती अजून त्याच पहिल्या वर्षात आहे. "लेवीय आला की मी दर वेळी थांबते," ती हसत म्हणाली. बायबल अ‍ॅपची 'स्ट्रीक' मात्र ती तुटू देत नाही. रोज अ‍ॅप उघडल्याची ती नोंद असते, ओळीने दिवस मोजले जातात. रात्री बारा वाजायला पाच मिनिटे असताना डोळे मिटत असले तरी ती एक अध्याय बोटाने वर सरकवते. नेम मराठी माणसाला नवा नाही. पण नेम मोडला तर जीव हळहळतो, आणि स्ट्रीक तुटली तर आकडा शून्य होतो. देवाशी असलेल्या संबंधात शून्य दाखवण्याचा अधिकार एका सॉफ्टवेअरला कोणी दिला, असा माझा भाबडा प्रश्न होता. तिच्यापाशी त्याचे उत्तर तयार होते: "शून्य दिसतं म्हणून तर उघडते. नाहीतर उघडलंच नसतं."

ते खरे आहे. म्हणून मी स्ट्रीकवर अधिक रागावत नाही. माझी तक्रार त्या प्लॅनच्या यादीबद्दल आहे.

ती यादी एकदा सावकाश खालपर्यंत वाचावी. चिंता, एकटेपणा, लग्नाआधी, लग्नानंतर, पालकत्व, नेतृत्व, करिअर, पैशाचे नियोजन. वाईट काहीच नाही. भाषांतरही पुष्कळदा नेटके असते. पण वाचता वाचता डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहतो. त्याची स्वतंत्र खोली आहे, त्याला सकाळी कॉफी पिताना वीस मिनिटे निवांत मिळतात, त्याचे कर्ज क्रेडिट कार्डाचे आहे आणि त्याचा सर्वांत मोठा शत्रू त्याचे स्वतःचे मन आहे. या माणसाला येशूची गरज नाही असे मी म्हणत नाही. पण तो जालन्यात राहत नाही.

जालन्यात राहतो त्याचा प्रश्न असा असतो. मराठवाड्यातल्या आणि नगर भागातल्या जुन्या मंडळ्यांतली बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राखला. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात असा निकाल दिला, की ख्रिस्ती धर्म आचरत असताना केवळ आरक्षित नोकरीसाठी स्वतःला हिंदू म्हणवणे ही राज्यघटनेशी प्रतारणा आहे. निकाल दिल्लीत लागला; त्याची बातमी खेड्यातल्या ख्रिस्ती घरात व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पोचली, बहुधा त्याच सकाळी आलेल्या वचनाच्या खाली.

मग एक बाप पाळकाला विचारतो: मुलगा बारावीला आहे, शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' आणि त्यापुढे जात लिहिली आहे. रविवारी तो चर्चमध्ये ढोलकी वाजवतो. फॉर्म भरताना तो येशूला नाकारतो का? पेत्राने नाकारले तसे?

हा शिष्यत्वाचा प्रश्न आहे. यापेक्षा नेमका प्रश्न मला माहीत नाही. पेत्राची गोष्ट, कोंबड्याचे आरवणे, सत्य बोलण्याबद्दलची येशूची कडक आज्ञा, लेकराची भाकर, पिढ्यानपिढ्यांचा अन्याय, सगळे एका अर्जाच्या रकान्यात येऊन बसते. ज्या पाळकांना तो विचारला गेला त्यांना मी विचारले, तुम्ही काय सांगितले? ते म्हणाले, "मी गप्प बसलो. माझ्या सख्ख्या भावाचा दाखला तसाच आहे." या प्रश्नावर सात दिवसांचा प्लॅन कोणी लिहिलेला नाही. ओक्लाहोमात तो कोणाला सुचणार नाही, हे उघड आहे. इथे कोणाला सुचू नये, हे मात्र लागते.

बाहेरून आलेले साधन आणि इथला मजकूर यांची गाठ आपल्याकडे पूर्वी पडलेली आहे. छापखाना गोव्यात १५५६ मध्ये आला. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आला. 'क्रिस्तपुराणा'त तो सांगतो की धर्म बदललेल्या एका ब्राह्मणाने त्याच्याकडे मागणे केले: आमची जुनी पुराणे गेली, आता आम्ही वाचायचे काय? स्टीफन्सने त्याला युरोपातले पुस्तक भाषांतर करून दिले नाही. दहा हजारांहून जास्त ओव्यांचे पुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. मूळ छापील प्रत आज एकही हाती नाही. पुराण टिकले ते लोकांनी हाताने नकला केल्या म्हणून, दूर मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांतून वाचले गेले म्हणून.

मराठी बायबलचा आरंभ १८०५ चा. विल्यम केरींच्या श्रीरामपूरहून मत्तयाचे शुभवर्तमान निघाले (हे बंगालचे श्रीरामपूर, नगरचे नव्हे). तरी पंडिता रमाबाईंना ती मराठी सामान्य बायकांना कळत नाही असे वाटले. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सारे बायबल नव्याने सोप्या मराठीत उतरवत राहिल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी आपल्याच छापखान्यात त्याचे खिळे जुळवले. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या, बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. दुष्काळात उचलून आणलेल्या मुली बायबलचा टाइप जुळवताहेत, यात शिष्यत्वाचे शिक्षण किती होते याचा हिशेब करणे अवघड आहे. टिळकांनी कीर्तन घेतले, अभंग घेतला, १९१२ पासून 'ज्ञानोदय' या नियतकालिकाची मराठी बाजू सांभाळली. 'ज्ञानोदय' तर १८४२ चे, अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे.

वसईकरांना यातले उदाहरण जवळचे हवे असेल तर 'सुवार्ता' आहे. १९५५ मध्ये निघालेल्या या मासिकाचे संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ केले. त्याच काळात वसईची हिरवी जमीन बिल्डरांच्या घशात चालली होती, विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जात होते. फादरांनी हरित वसई संरक्षण समितीतून त्याविरुद्ध आवाज उठवला आणि मासिकातूनही. बागायत राखणे, दहशतीला न घाबरणे हा ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचा भाग आहे हे शिकवायला त्यांना परदेशी पाठ लागला नाही. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून जानेवारी २०२० मध्ये उभ्या महाराष्ट्राने त्यांना पाहिले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या गावच्या तरुणांच्या फोनवर आज 'हॅलो' (Hallow) हे अमेरिकन कॅथलिक प्रार्थना अ‍ॅप सापडते. त्यात झोपेच्या आधी ऐकण्याची मंद संगीतातली प्रार्थना आहे. छान आहे. टँकर त्यात नाही.

मार्च २०२० मध्ये काय झाले ते सर्वांना आठवते, म्हणून थोडक्यात. चर्चची दारे बंद झाली. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या रिकाम्या चौकात उभे राहिलेले सगळ्या जगाने पडद्यावर पाहिले. त्या वर्षी यूव्हर्जनवर जगभर सर्वांत जास्त वाचले, शोधले गेलेले वचन यशया ४१:१० होते. भिऊ नको असे देव तिथे सांगतो. बांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा त्या सप्टेंबरात भरली नाही, मिस्सा पडद्यावर झाल्या. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळी पाडव्याला. पुढच्या एप्रिलमध्ये ती पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, परत उघडली. "आमच्या चर्चचे दोन्ही मुहूर्त पंचांगातून आले," एक वसईकर फादर मिस्कीलपणे म्हणाले.

त्या काळात कॅथलिकांचे आणि प्रॉटेस्टंटांचे रस्ते जरा वेगळे झाले. रोमने २००२ मध्येच एका दस्तऐवजात स्पष्ट करून ठेवले होते की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. पडद्यावर मिस्सा बघता येते, पण ख्रिस्तप्रसाद हातात किंवा जिभेवरच घ्यावा लागतो. पापनिवेदन व्हिडिओ कॉलवर चालत नाही. नियम कडक वाटतो, पण दारे उघडल्यावर कॅथलिक माणसाला परत जाण्याचे कारण त्या नियमानेच शिल्लक ठेवले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकापाळकांत मतभेद झाले. काहींनी घरोघरी भाकर आणि द्राक्षरस पुढ्यात ठेवायला सांगून फोनवरून प्रभुभोजन दिले, काहींनी ठाम नकार दिला. मुळात प्रॉटेस्टंट उपासनेचा कणा उपदेश. आणि चांगला उपदेश यूट्यूबवर रविवारपर्यंत थांबत नाही. हैदराबादचा, कोरियाचा, नायजेरियाचा, टेक्सासचा उपदेशक एका बोटावर हजर असताना आपल्या गल्लीतल्या पाळकाचे अडखळते मराठी कोण ऐकेल?

नगरच्या एका महिला मंडळातल्या बाई, वय सत्तरीच्या पुढे, ग्रुपची अ‍ॅडमिन, यावर म्हणाल्या: "त्या टीव्हीतल्या भाऊंचा उपदेश फार गोड. पण माझ्या घरी कोण पितो ते त्यांना ठाऊक नाही. आमच्या पाळकसाहेबांना ठाऊक आहे." या बाईंची पद्धत सांगण्यासारखी आहे. त्या रोज एक वचन टाकतात, चित्र नाही, नुसता संदर्भ. ज्याने त्याने आपले बायबल उघडून शोधायचे आणि संध्याकाळपर्यंत एक वाक्य बोलून पाठवायचे. नुसते 'आमेन' चालत नाही. दोन दिवस कोणाचा आवाज आला नाही की बाई फोन करतात. फोन उचलला नाही तर घरी जातात. एकदा असेच गेल्यावर एका घरात तापाने फणफणलेली विधवा सापडली आणि तिला दवाखान्यात न्यावे लागले. कोट्यवधींच्या अ‍ॅपला हे जमत नाही, कारण कोण गप्प आहे ते त्याला कळते, पण तो गप्प का आहे हे विचारायला त्याला पाय नाहीत.

त्याच ग्रुपची दुसरी बाजूही बाईंनीच दाखवली. प्रार्थना विनंती. पूर्वी मंडळीत कोणी उभे राहून सांगे, माझ्या बहिणीसाठी प्रार्थना करा, आणि ते त्या चार भिंतींत राही. आता ती विनंती लिहून येते: नाव, आजार, रिपोर्टचा फोटोसुद्धा. भक्तीच्या भरात कोणी ती पुढे पाठवते, तिथून पुढे आणखी कोणी. एका मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना तिच्या उपचारांची बातमी प्रार्थनेच्या रूपाने मुलाकडच्यांपर्यंत पोचली. लग्न मोडले. प्रार्थना करणाऱ्या कोणाच्याही मनात वाईट नव्हते. तेव्हापासून बाईंनी नियम केला: नाव नाही, आजार नाही, "एका बहिणीसाठी" एवढेच. देवाला पत्ता ठाऊक आहे.

वसईत ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. कुपारी समाजातल्या एका घरात संध्याकाळी आजी, तिचा मुलगा आणि टेबलावर उभा केलेला टॅबलेट. टॅबलेटमध्ये कॅनडातली लेक आणि तिची दोन मुले. तिकडे सकाळ आहे, मुलांच्या अंगात शाळेचे कपडे. आजी मराठीत म्हणते, नातवंडे उत्तरार्ध इंग्रजीत म्हणतात, लेक मध्येच कादोडी बोलीत मुलांना दटावते. आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे दोन्हीकडचे 'आमेन' कधी एकत्र येत नाही. आजीला त्याचे काही नाही. आखातात किंवा बोटीवर गेलेल्यांचेही असेच. सौदी अरेबियात चर्चची इमारतच नाही, आणि जहाजावरच्या माणसाला महिनोन्‌महिने फादर दिसत नाही. अशांना फोनवरची मिस्सा हीच उरते. त्यांच्याबद्दल बोलताना 'खरी उपासना' आणि 'पडद्यावरची उपासना' असा शहाणपणा शिकवू नये.

यंत्रमानवी धर्मगुरूचा विषय हल्ली कोणत्याही चर्चेत निघतोच. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'कॅथलिक आन्सर्स' या संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा पुरोहित आणला. तो आपण खरेच धर्मगुरू आहोत असे सांगू लागला आणि लोकांची पापे क्षमा करू लागला. थोड्याच दिवसांत संस्थेने त्याची कॉलर काढून त्याला साधा जस्टिन करून टाकले. इतक्या झटपट पुरोहितपद गमावणारा इतिहासात दुसरा नसावा. मराठीत असा कोणी माझ्या पाहण्यात आला नसला तरी यंत्राकडून उपदेश लिहून घेणारे पाळक आहेत, आणि ते लपवतही नाहीत. एका तरुण पाळकाने मला तसा उपदेश वाचायला दिला. स्वच्छ, मुद्देसूद, शेवटी प्रार्थना. तो जगातल्या कोणत्याही गावात चालला असता. म्हणूनच मला तो कोणत्याच गावाचा वाटला नाही.

आता ज्या माणसासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येतो. जालना जिल्ह्यातले एक पाळक. वय पन्नाशीचे, मोटारसायकल जुनी, मंडळी चार वाड्यांत विखुरलेली, तीही वर्षातून सहा महिने गावात नसते. दिवाळीच्या आगेमागे लोक ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हंगाम. पहाटे चारला फड सुरू होतो आणि रविवार नावाचा वार तिथे नसतो. पूर्वी हे पाळक नाताळाच्या आधी एखाद्या कारखान्यावर जाऊन खोप्यांत प्रार्थना घेत. बाकी सहा महिने मंडळी देवाच्या आणि मुकादमाच्या हवाली.

काही हंगामांपासून ते आवाज पाठवतात. रोज नाही, आठवड्यातून तीनदा. चार-पाच मिनिटे, कारण रिचार्ज बेताचे आणि फोन चार्ज करायला ट्रॅक्टरवाल्याची मर्जी लागते. सुरुवातीला ते अ‍ॅपमधल्या मराठी मननांतून वाचून दाखवत. कोणी काही बोलत नसे. मग एकदा त्यांनी निर्गमाचा पाचवा अध्याय सांगितला: फारो इस्राएली मजुरांचा पेंढा बंद करतो, पण विटा पहिल्याइतक्याच मागतो. त्या रात्री सात-आठ आवाज परत आले. एकाने सांगितले की आमच्याही मुकादमाने गाडीचे भाडे आमच्यावरच टाकले. एकीने विचारले, मोशे आमच्याकडे कधी येणार, आणि मागे बायकांचे हसणे ऐकू आले.

मग त्यांना रस्ता सापडला. रूथ आली, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. पेरणाऱ्याचा दाखला आला, द्राक्षमळ्यातले मजूर आले. तिथे मात्र जोराचे भांडण झाले, कारण सकाळी आलेल्याला आणि संध्याकाळी आलेल्याला सारखीच मजुरी मिळते हे कोयत्यावर जगणाऱ्याला पटेना. पाळकांनी ते भांडण आठवडाभर चालू दिले. आणि याकोब आला. याकोब लाबानाकडे वर्षानुवर्षे राबतो, लाबान त्याची मजुरी दहा वेळा बदलतो, शेवटी याकोब लाबानाला न सांगता बायकामुलांसह निघून जातो.

त्या पाठानंतर कर्नाटकातल्या एका फडावरून एका पुरुषाचा आवाज आला: उचल फिटली नसताना रात्री निघून जाणे पाप आहे का? पाळक म्हणाले, त्या प्रश्नावर आपण दोन दिवस काही पाठवले नाही. ग्रुपवर मात्र थांबले नाही. कोणी म्हणाले, घेतलेले फेडलेच पाहिजे. कोणी म्हणाले, लाबानाचे कधी फिटते का? मग त्याच माणसाच्या बायकोचा आवाज आला: याकोब पळाला तेव्हा लेकरे बरोबर घेऊन पळाला. आमची दोन गावी म्हातारीजवळ आहेत, आणि मुकादमाला घर ठाऊक आहे.

ते लोक पळाले नाहीत. पाळक एस.टी.ने तिकडे गेले, मुकादमाशी बोलले, त्यातून फारसे निष्पन्न झाले नाही. हंगाम संपला, लोक परतले, थोडी बाकी पुढच्या वर्षावर गेली.

या वर्षी त्यांनी लाबानाचा पाठ दसऱ्याच्या आधीच पाठवला. उचल घेऊन झाल्यावर तो शिकवून काय उपयोग, असे ते म्हणाले. पाठ सर्वांनी ऐकला, आणि उचलही सर्वांनी घेतली. आखाजीपासूनची उधारी होती, घरात दुसरे काही नव्हते. त्यातल्या एका कोयत्याने मात्र रक्कम कमी घेतली, आणि मुकादमाकडून आकडा कागदावर लिहून घेतला.